श्रीवर्धनचा कारकून, साताऱ्याचा पेशवा : बाळाजी विश्वनाथ आणि पदांची शिडी

(हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे, फक्त अडखळणं आणि मागून येणारे डंपरचे हॉर्न काढले आहेत.)

गव्हाणहून, पनवेल तालुक्यातून, पुन्हा एकदा तुमच्याशी बोलतोय.

बरेच दिवस तुमचे मेसेज येतायत की रोमवर एक एपिसोड करा. सीझर करा, ते कॉन्सल वगैरे काय असतं ते सांगा. म्हणून मी रोमवर वाचायला बसलो. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. रोमचा जो मोठा माणूस असायचा, तो एकाच वेळी सेनापतीही असायचा आणि न्याय, वसुली, कारभार बघणारा अधिकारीही. सकाळी निवाडा, उन्हाळ्यात लढाई. मग मनात आलं, आपल्याकडे असा कोण होता? पायरी पायरीने वर चढलेला, एका हातात हिशेबाची वही आणि दुसऱ्या हातात फौज असलेला?

उत्तर फार लांब नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यातलं आहे. श्रीवर्धन. बाळाजी विश्वनाथ भट. पहिल्या बाजीरावांचे वडील.

बाजीरावांवर सिनेमा आला, गाणी आली, रील्स आल्या. वडिलांवर काहीच नाही. म्हणून आजचा एपिसोड वडिलांचा. आणि शेवटी एक प्रश्न आहे, तो माझा मलाच बरेच दिवस छळतोय, तो तुमच्यापुढे ठेवणार आहे.

आधी पाच मिनिटं रोम

रोमच्या लोकांनी राजा हाकलला आणि ठरवलं की आता सत्ता एका माणसाकडे कायमची द्यायची नाही. म्हणून सगळ्यात वरच्या पदावर त्यांनी एक नाही, दोन माणसं बसवली. त्यांना म्हणायचे कॉन्सल. मुदत किती? फक्त एक वर्ष. एकाने काही चुकीचं करायला घेतलं तर दुसरा त्याला अडवू शकायचा.

आता कॉन्सल व्हायला थेट उडी मारता यायची नाही. खाली पायऱ्या होत्या. पहिली मोठी पायरी क्वेस्टर, म्हणजे खजिना आणि हिशेब बघणारा. पुढे प्रेटर, म्हणजे न्यायदान करणारा, आणि वेळ पडली तर फौज घेऊन जाणारा. त्याच्या वर कॉन्सल. आपण आज मॅजिस्ट्रेट म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कोर्ट येतं. रोममध्ये तो शब्द निवडून आलेल्या या सगळ्या अधिकाऱ्यांसाठी होता.

इ.स.पू. ८१ च्या सुमारास सुल्ला नावाच्या हुकूमशहाने ही शिडी कायद्याने पक्की केली. क्वेस्टर व्हायला वय किमान ३०, प्रेटरला ३९, कॉन्सलला ४२. आणि एकदा कॉन्सल झालात की पुन्हा व्हायला दहा वर्षं थांबा. गंमत बघा, हा नियम करणारा स्वतः फौज घेऊन रोमवर चालून आलेला होता. म्हणजे धोका कुठे आहे हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

यामागचा विचार साधा आहे. माणसाच्या हातात तलवार आणि लेखणी दोन्ही द्या, राज्य चालवायला ते लागतंच. पण परत कधी घ्यायची, ते त्याने नाही ठरवायचं. हे वाक्य लक्षात ठेवा.

आपल्याकडची शिडी

आता रायगडावर या. १६७४, राज्याभिषेक. शिवाजी महाराजांनी अष्टप्रधान नेमले. आपण शाळेत आठ नावं पाठ केली आणि सोडून दिली. पण त्यातला एक नियम बघण्यासारखा आहे. पंडितराव आणि न्यायाधीश हे दोघे सोडले तर बाकीच्या प्रधानांनी वेळ पडल्यावर फौज घेऊन मोहिमेवर जायचं. म्हणजे जमाखर्च बघणारा अमात्यसुद्धा घोड्यावर बसणार. पहिले पेशवे मोरोपंत पिंगळे कारभारही बघायचे आणि लढायांतही असायचे. अगदी रोमसारखं.

दुसरा नियम पगाराचा. प्रधानांना रोख पगार. पदाच्या बदल्यात कायमची जमीन तोडून द्यायची नाही, हे महाराजांचं धोरण. कारण जमीन दिली की पद घरचं होतं.

मग काय झालं? १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला. महाराणी येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज जिंजीला पोचले. खजिना रिकामा, समोर औरंगजेब. अशा वेळी सरदारांना धरून कसं ठेवणार? पगार द्यायला पैसे नाहीत, मग वतनं द्या, मुलूख द्या. जिंकाल ते तुमचं. नाइलाज होता, त्यावर आज आरामात बसून टीका करायची माझी तयारी नाही. पण त्या नाइलाजाने शिडीच्या पायऱ्या सैल झाल्या, हे खरं.

या सैल झालेल्या शिडीवर आपला माणूस चढायला सुरुवात करतो.

मिठागर ते सुभेदारी

भट घराणं श्रीवर्धनचं, देशमुखी वतनाचं. त्या मुलखावर अंमल जंजिऱ्याच्या सिद्दीचा. सिद्दीशी बिनसलं आणि बाळाजीपंतांना गाव सोडावं लागलं. वेळासचे भानू त्यांच्यासोबत निघाले. नाना फडणवीस ज्या घराण्यातले, तेच हे भानू.

परंपरा सांगते की बाळाजीपंतांनी सुरुवातीला चिपळूणच्या मिठागरावर कारकुनी केली. उरण-पनवेलच्या पोरांना मिठागर काय ते सांगायला नको. किती कोंडी, किती मण, कुणाचं किती, सगळा हिशेबाचा खेळ. पुढे ते घाटावर गेले आणि सेनापती धनाजी जाधवांकडे महसुलाच्या कामाला लागले.

१६९९ ते १७०२ या काळात ते पुण्याचे सरसुभेदार. नंतर १७०४ ते १७०७ दौलताबादचे. ही वर्षं डोळ्यांसमोर आणा. औरंगजेब स्वतः दक्षिणेत फौज घेऊन किल्ल्यामागून किल्ला वेढतोय. त्याच मुलखात मराठ्यांचा सुभेदार काम करतोय. काम काय? गावांकडून वसूल जमवायचा. लष्कराला दाणा-वैरण पोचवायची. उजाड गावं पुन्हा वसवायची. शिवाय वतनाचे तंटे. तेव्हा असे तंटे गोतसभेपुढे यायचे, गावकरी आणि वतनदार बसून साक्षी ऐकायचे, निवाड्याचा महजर व्हायचा आणि त्यामागे सरकारी अंमल उभा असायचा.

म्हणजे क्वेस्टर आणि प्रेटर, दोन्ही पायऱ्या इथेच. आणि हे सगळं कशाच्या जोरावर? घोडेस्वारीच्या तर नाहीच. बाळाजीपंत घोड्यावर फार पक्के नव्हते अशी आख्यायिका आहे. कोणाला किती द्यायचं, कोणाकडून किती यायचं आणि कोण कुठे नाराज आहे, हे डोक्यात पक्कं ठेवणं ही त्यांची ताकद.

फितूर सेनापती आणि नवीन पद

१७०७ मध्ये औरंगजेब गेला. मोगलांनी शाहूंना सोडलं. आता मराठ्यांच्या गादीवर दोन दावे. एकीकडे ताराराणी, जिने सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली होती. दुसरीकडे शाहू, जे लहानपणापासून कैदेत होते आणि ज्यांच्या हाताशी धड फौज नव्हती.

ताराराणीने धनाजी जाधवांना शाहूंवर पाठवलं. खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि धनाजी शाहूंना मिळाले. त्यांचं मन वळवण्यात बाळाजीपंतांचा हात होता असं इतिहासकार मानतात. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला.

त्याच वर्षी धनाजी वारले. सेनापतिपद मुलाकडे, चंद्रसेनकडे आलं. आणि चंद्रसेनचं बाळाजीपंतांशी पटेना. निमित्त एका हरणाच्या शिकारीचं सांगतात. पण विचार करा, बाळाजीपंत वसुलीतला राजाचा हिस्सा बघत होते. हिशेब तपासणारा माणूस छावणीत असला की तलवारवाल्याला तो खुपतोच. १७११ मध्ये प्रकरण इतकं वाढलं की बाळाजीपंतांना जीव घेऊन पळावं लागलं. वाईजवळच्या पांडवगडापर्यंत पाठलाग झाला. चंद्रसेनने शाहूंना सांगितलं, याला माझ्या ताब्यात द्या. शाहूंनी नकार दिला. चंद्रसेन फौज घेऊन ताराराणीकडे गेला, आणि पुढे निजामाकडे.

म्हणजे राजा आहे, पण सेनापती पळाला आणि सेनाही गेली.

तेव्हा शाहूंनी बाळाजीपंतांना एक नवीन पद दिलं. सेनाकर्ते. सेना करणारा. नाव किती सरळ आहे बघा. आहे ती सेना चालवणारा नाही, नसलेली सेना उभी करणारा. सावकारांकडून कर्ज काढलं, माणसं जमवली, बंडखोर कृष्णराव खटावकराचा पराभव केला. मिठागरावरचा कारकून पन्नाशीच्या आसपास सेनापतीच्या जागी उभा राहिला.

सगळंच जमलं असं नाही हं. दमाजी थोराताने त्यांना बोलणी करायला बोलावलं, बेलभंडाऱ्याची शपथ घेतली आणि कुटुंबासह कैद केलं. शपथेची आठवण करून दिल्यावर दमाजीने काय म्हणावं? बेल म्हणजे झाडाचं पान आणि भंडारा म्हणजे रोजच्या जेवणातली हळद, असं तो म्हणाल्याची गोष्ट सांगतात. शेवटी शाहूंनी खंडणी भरून सोडवलं. छोटे बाजीराव तेव्हा दहा-बारा वर्षांचे असतील. शब्दावर किती विसंबायचं, हा धडा त्या घराला तिथे मिळाला.

वलवणची भेट

आता आपल्या समुद्राकडे या.

१७१३. कोकण किनाऱ्यावर नाव एकच, कान्होजी आंग्रे. कुलाब्याचा किल्ला, खांदेरी, खाली विजयदुर्ग. मुंबईचे इंग्रज, चौल-वसईचे पोर्तुगीज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या तिघांच्या मध्ये हा माणूस उभा. आणि कान्होजी होते ताराराणीच्या पक्षात. ते घाट चढून वर आले. शाहूंनी त्यांच्यावर पेशव्यांना पाठवलं. पेशवे कोण? बहिरोपंत पिंगळे, मोरोपंतांचे चिरंजीव. वडील पेशवे, भाऊ पेशवे, म्हणून हेही पेशवे. बहिरोपंत हरले, आणि नुसते हरले नाहीत, कान्होजींच्या कैदेत गेले. राज्याचा मुख्य प्रधान शत्रूच्या तुरुंगात. आता कान्होजी साताऱ्यावर येणार, अशी भीती पसरली.

नोव्हेंबर १७१३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपदाची वस्त्रं दिली. इथे थांबून एक गोष्ट नीट बघा. पिंगळ्यांच्या घरात चालत आलेलं पद शाहूंनी घराबाहेर काढलं आणि काम करून दाखवलेल्या माणसाला दिलं. शिडी पुन्हा उघडली.

नवीन पेशव्यांनी काय केलं? लढाई टाळली. १७१४ च्या सुरुवातीला लोणावळ्याजवळ वलवणला त्यांनी कान्होजींची भेट घेतली. एक्स्प्रेसवेने जाता येता तुम्ही वलवणचा बोर्ड शंभर वेळा बघितला असेल. तेच वलवण.

मला ही भेट फार आवडते. दोघंही कोकणचे. दोघांनाही सिद्दी माहीत. बाळाजीपंतांना कळत होतं की कान्होजींना समुद्रावर तीन शत्रू आहेत, त्यांना घाटावर चौथा नकोय. आणि कान्होजींना कळत होतं की हा माणूस तोडायला नाही, हिशेब जुळवायला आलाय. ठरलं असं : कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानायचं, बहिरोपंतांना सोडायचं. बदल्यात सरखेलपद आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे राहणार. मग दोघांनी मिळून सिद्दीवर दाब आणला आणि त्यालाही तह करायला लावलं.

परिणाम बघा. १७१८ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, फसला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर उतरले, तेव्हा पेशव्यांची फौज पिलाजी जाधवांबरोबर घाट उतरून कान्होजींच्या मदतीला आली. तीही मोहीम फसली. कान्होजी १७२९ मध्ये वारले तोवर इंग्रजांना त्यांना हरवता आलं नाही. वलवणच्या त्या बोलण्याने घाट आणि समुद्र एकमेकांच्या पाठीशी उभे राहिले.

दिल्ली

पुढचं काम सगळ्यात मोठं. मोगल दरबारात तेव्हा सय्यद बंधूंचा जोर. धाकटा हुसेन अली दक्षिणेचा सुभेदार. त्याचं आणि बादशहा फर्रुखसियरचं वाकडं. त्याला दक्षिणेत शांतता हवी होती आणि दिल्लीत पाठबळ. १७१८ मध्ये त्याने मराठ्यांशी करार केला. शिवकालीन स्वराज्याचा मुलूख शाहूंचा. दक्षिणेच्या सहा सुभ्यांतून चौथाई आणि सरदेशमुखी. येसूबाई आणि बाकी मंडळींची सुटका. उलट शाहूंनी बादशहाला वर्षाला १० लाख द्यायचे आणि १५ हजार स्वार सेवेला ठेवायचे.

टक्के म्हटलं की आपल्या गावांत लगेच साडेबारा टक्के आठवतात. पण हे टक्के बघा : चौथाई २५, सरदेशमुखी १०. महसुलातले ३५ टक्के.

बादशहाने करार नाकारला. मग हुसेन अली फौज घेऊन दिल्लीला निघाला आणि सोबत मराठे. बाळाजी विश्वनाथ आणि सेनापती खंडेराव दाभाडे. फेब्रुवारी १७१९ मध्ये ते दिल्लीत होते. शहरात दंगल उसळली. रस्त्यांत, गल्ल्यांत दीड-दोन हजार मराठे मारले गेले. त्यात संताजी भोसले होते आणि बाळाजी महादेव भानूही. नाना फडणवीसांचे आजोबा. श्रीवर्धन-वेळासहून सोबत निघालेल्यांपैकी एक असा दिल्लीच्या रस्त्यावर गेला.

फर्रुखसियर पदच्युत झाला. नव्या बादशहाच्या नावाने मार्च १७१९ मध्ये चौथाईची आणि सरदेशमुखीची सनद मिळाली. येसूबाई सुटल्या. १६८९ मध्ये रायगडावरून कैदेत गेलेली बाई जवळपास तीस वर्षांनी मोकळी झाली. शाहू सुटून बारा वर्षं झाली होती. तो मुलगा आता राजा होता आणि आई परत येत होती. मी इतिहासात फार रडत नाही, पण इथे थोडं थांबतो.

वाटणी

सनद कागदावर. वसूल कोण करणार? बाळाजीपंतांनी वाटणी बसवली. चौथाईतला पाव हिस्सा राजाचा. थोडे टक्के पंतसचिवांना आणि राजा सांगेल त्यांना. उरलेला साधारण दोन तृतीयांश भाग फौजा बाळगणाऱ्या सरदारांना. प्रत्येकाला मुलूख नेमून दिला. आणि एक खुबी केली. हिस्से एकमेकांत गुंतवले, म्हणजे एकाच्या मुलखात दुसऱ्याचाही वाटा. कोणी फुटून निघू म्हणालं तरी हिशेब त्याला बाकीच्यांशी बांधून ठेवणार. मिठागराच्या कारकुनाची बुद्धी ही.

याच वाटणीने मराठे पुढे माळवा, गुजरात, उत्तरेत पसरले. आणि याच वाटणीने सरदार आपापल्या मुलखाचे धनीही होत गेले. दोन्ही खरं आहे.

एकोणीस वर्षांचे दोघे

एप्रिल १७२० मध्ये सासवडला बाळाजी विश्वनाथ वारले. पेशवेपद जेमतेम साडेसहा वर्षं.

काही दिवसांतच, त्याच एप्रिलमध्ये, कराडजवळ मसूरला शाहूंनी नवीन पेशवा नेमला. बाजीराव. वय १९. दरबारात कुरबुर झाली, एवढा पोरगा काय करणार म्हणून. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. वीस वर्षं, एकापाठोपाठ एक मोहिमा. शाहूंची निवड शंभर टक्के बरोबर ठरली.

आता परत रोममध्ये चला. इ.स.पू. ४३. कॉन्सलसाठी किमान वय ४२. त्या वर्षी कॉन्सल झाला ऑक्टेव्हियन, सीझरचा दत्तक मुलगा. वय किती? १९. फौज घेऊन शहरात आला आणि पद घेतलं. पुढे तोच ऑगस्टस झाला, पहिला सम्राट. उत्तम राज्यकर्ता, चाळीसहून जास्त वर्षं राज्य सांभाळलं.

दोघांत फरक आहे, मान्य. ऑक्टेव्हियनने पद ओढून घेतलं, बाजीरावांना राजाने दिलं. पण एक गोष्ट दोन्हीकडे घडली. माणूस इतका चांगला निघाला की पायऱ्या वगळल्याचं कुणाला काही वाटलं नाही. पोरगा हुशार आहे ना, मग झालं! आणि पुढच्या वेळी वगळणं हीच पद्धत झाली.

हाच तो प्रश्न, जो मला छळतो. चुकीच्या पद्धतीने अयोग्य माणूस आला तर आपण ओरडतो. चुकीच्या पद्धतीने योग्य माणूस आला तर? तेव्हाच पद्धत मुरते, कारण कुणीच ओरडत नाही.

ऑगस्टसनंतर रोमला कालिगुला आणि नीरो मिळाले. आपल्याकडे बाजीरावांनंतर नानासाहेब, मग माधवराव. माधवराव पुन्हा फार गुणी, म्हणजे प्रश्न पुन्हा झाकला गेला. १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मले. त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा ते ४० दिवसांचे होते. चाळीस दिवस! ज्या पदापर्यंत पोचायला श्रीवर्धनच्या माणसाला मिठागर, दोन सुभे, एक कैद आणि पन्नास वर्षं लागली, ते पद पाळण्यातल्या बाळाला.

आणि किनाऱ्याचं काय झालं? १७१४ ला आजोबांनी कान्होजींशी वलवणला बोलून प्रश्न मिटवला. १७५६ ला नातवाने, नानासाहेबांनी, कान्होजींच्या मुलाविरुद्ध, तुळाजीविरुद्ध, इंग्रजांची मदत घेतली. तुळाजी काही साधे नव्हते, पेशव्यांना त्यांनीही जुमानलं नाही. पण फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. मराठ्यांचं सगळ्यात मोठं आरमार, मराठ्यांच्या सांगण्यावरून, इंग्रजांच्या तोफांनी. तिथून ६२ वर्षांनी, १८१८ मध्ये, इंग्रज कर्नल प्रॉथरने कर्नाळा घेतला. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की तो सुळका दिसतो ना, तोच.

पेशवाई बुडाली ती केवळ वारसाहक्काने, असं मी म्हणत नाही. कारणं खूप आहेत, त्यावर वेगळे एपिसोड होतील. पण दोन्ही बाजूंचा हिशेब डोक्यात ठेवून, समोरच्याशी बसून बोलणारा माणूस पायऱ्या चढत आलेला होता. त्याच्या नातवाला ते शिकायला पायऱ्याच नव्हत्या.

जाता जाता

आपल्याकडे सिडको आल्यापासून दहावीतल्या पोरालाही सातबारा, फेरफार, वारस नोंद हे शब्द पाठ आहेत. बापाची जमीन मुलाच्या नावावर लागते, लागलीच पाहिजे, त्यासाठी आपल्या लोकांनी जीव दिलेत. पण सरपंचाची खुर्ची सातबाऱ्यावर चढत नाही. पाच वर्षं झाली की खाली उतरायचं, पुन्हा लोकांकडे जायचं. ती मुदत आपल्याला कधी कधी कटकट वाटते. चांगला माणूस आहे, राहू दे की, असं आपणच म्हणतो. किंवा, त्याचाच मुलगा आहे, चांगला आहे, देऊन टाका.

मुलगा चांगला असेलही. बाजीराव तर होतेच. एवढंच विचारा की तो मिठागरावर बसला होता का, कुठला सुभा सांभाळला होता का, आणि उद्या नको झाला तर त्याला उतरवायची तारीख कुठे लिहिली आहे का.

आणि तुमच्यातले जे पोरं-पोरी पहाटे उठून एमपीएससीचा अभ्यास करतायत, त्यांना एक सांगतो. बाळाजी विश्वनाथांवर प्रश्न आला तर पहिला भट पेशवा, १७१३, १७१९ ची सनद, हे लिहालच. पण सेनाकर्ते हा शब्दही लक्षात ठेवा. काही नसताना उभं करणारा. आपल्या रायगडचा माणूस होता तो.

भेटू पुढच्या एपिसोडला. पुढच्या वेळी कान्होजी, फक्त कान्होजी. वचन.